उपडेतात्या आणि वाघाचं पिस्तूल

आमच्या तात्यामामाच्या हातात काहीही दिलं की तो ते आधी उपडं करायचा. कप, बशी, तांब्या, गजराचं घड्याळ, शाळेत मिळालेला बक्षिसाचा पेला, काहीही. एकदा शेजारणीनं कौतुकानं आपलं तान्हं बाळ त्याच्या मांडीवर दिलं, तर माझी आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं ते काढून घेतलं. "वरून सगळंच गोजिरं दिसतं गं," तो म्हणायचा. "कुणी घडवलं, कुठं घडवलं, ते बुडाशी लिहिलेलं असतं." ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागे तो राहायचा आणि अख्खी आळी त्याला 'उपडेतात्या' म्हणायची. नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटे. तोही कधी कुणाची समजूत दुरुस्त करायला गेला नाही.

नोकरी त्याला स्वभावाला साजेशीच मिळाली होती. मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, एका लिलावाच्या पेढीत तो पारखी होता. इंग्रज गेले त्या दिवसांत बंगलेच्या बंगले रिकामे होऊन त्या पेढीत येत होते, आणि मामा सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेजं, समया, तलवारी, चहाची भांडी उपडी करत बसलेला असे. वस्तूला हात लावण्याआधी तो खिशातल्या रुमालानं बोटं पुसायचा. मग ती उचलून कानाशी न्यायचा, वास घ्यायचा, आणि शेवटी तोंडातून एकच शब्द यायचा, "हं!" त्या 'हं'च्या आधी त्याला कुणी किंमत विचारली तर तो भडकायचा. "वस्तूला घाई नसते, घाई गिऱ्हाइकाला असते." लग्न त्यानं केलं नाही. "याला मुलगी दाखवायला नेलंच नाही ते बरं केलं," असं माझी आजी म्हणायची, आणि पुढचं बोलणं बायका तोंडाला पदर लावून पुरं करायच्या.

हे सगळं माहेरी ठीक होतं हो! पण माझ्या लग्नात, भर मांडवात, सासरच्यांनी आणलेलं चांदीचं तबक मामाच्या हाती आलं आणि त्यानं ते अक्षतांसकट उपडं केलं. अक्षता सांडल्या त्या सांडल्या, वर मोठ्यानं म्हणाला, "हं! जर्मन सिल्व्हर." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. माझे सासरे, मामंजी, तिथेच उभे होते. ते अक्षता वेचायला वाकले. सासूबाई मात्र पुढे चार वर्षं त्या तबकाला 'तुझ्या मामांचं तबक' म्हणत राहिल्या.

मामंजी जंगल खात्यातून निवृत्त होऊन कल्याणला पारनाक्याजवळ स्थायिक झाले होते. ताठ, कमी बोलणारा माणूस. वर्षातून एकदाच ते मोकळे व्हायचे, खंडेनवमीला. पाटावर विळी, सुरी, अडकित्ता, माझ्या यजमानांचं फाउंटन पेन, आणि सगळ्यांच्या मधोमध एक पिस्तूल. हळदकुंकू, झेंडूचं फूल, खोबरेल तेलाचं बोट. मग आल्यागेल्याला मामंजी गोष्ट सांगायचे. जंगलातला मुक्काम, साहेबाचा तंबू, कंदिलाच्या उजेडात समोर उभा राहिलेला वाघ, आणि पळून न जाता कंदील उंच धरून उभे राहिलेले मामंजी. वाघ गेला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं, साहेबाला लढाईवर बोलावणं आलं, तेव्हा जाताना त्यानं हे पिस्तूल मामंजींच्या हातात ठेवलं. वाघ दर वर्षी वीतभर वाढायचा, पण गोष्ट तीच असायची. ती सांगताना त्यांचा आवाज जो काही लागायचा, तो ऐकायला मीसुद्धा आमटी उतरवून दाराशी येऊन बसायची.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी पेपर सुटला, मग पोथी सुटली, मग ते समोरच्याला आवाजावरून ओळखायला लागले. मुंबईला ऑपरेशन होत होतं. ह्यांनी पैसे बाजूला काढले, तर मामंजी ऐकेनात. "मुलाच्या पैशानं मिळालेल्या डोळ्यांनी मुलाकडे बघायचं कसं?" आता काय म्हणावं या हट्टाला! आठवडाभर घरात अबोला झाला. शेवटी एका सकाळी त्यांनीच तोड काढली. "ते पिस्तूल विका. माझं आहे. त्यात जे येईल त्यात डोळे बसवा, नाही आलं तर मी आहे तसा बरा."

पिस्तूल विकायचं म्हणजे पारखायला कुणीतरी हवं. माझ्या तोंडून मामाचं नाव निघालं आणि सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची! ती उघडायला तुझ्या मामांना बोलावतेस?" तबक आठवून मीही चरकले. पण दुसरं होतं कोण? मामंजीच म्हणाले, "बोलवा त्यांना. माणूस खरं बोलतो."

मामा आला तो रविवारी. चहा झाला, कप उपडा झाला, मग त्यानं बोटं पुसली आणि पिस्तूल हातात घेतलं. त्यानं ते उपडं केलं, खिशातून भिंग काढलं आणि तेला-कुंकवाचा थर नखानं अलगद खरवडून काहीतरी वाचत राहिला. लाकडी मुठीवरून अंगठा फिरवला. मग मागचा खटका दाबून वरची नळी उचकटली, पुढे वळवली, परत आणून बसवली. आत स्प्रिंग करकरली. "वहिनी," तो सासूबाईंना म्हणाला, "एक फुलवात देता?" सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालत देवघरातून फुलवात आणून दिली. मामानं ती जिभेनं ओली करून नळीत कोंबली, भिंतीकडे नेम धरला आणि चाप ओढला. फट्ट! वात जाऊन कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या पायाशी आपटली आणि खाली पडली.

"हं!" मामा म्हणाला. "हवेचं पिस्तूल."

इतकी वर्षं ज्याला हात लावताना आम्ही आधी देवाला नमस्कार करायचो, ते कावळासुद्धा मारायच्या लायकीचं नव्हतं. मामंजींची मान खाली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात मी दाखवायला लावला होता.

पण मामाचे डोळे चमकत होते. तो मामंजींना म्हणाला, "अण्णासाहेब, गोळीची पिस्तुलं कुठल्याही चौकीत ढिगानं पडलेली असतात. त्यांना कोण विचारतो? हे बर्मिंगहॅमचं, पहिल्या घडणीतलं. मूठ बघा, अक्रोडाची. पुढे कारखान्यानं ती काळ्या बेकेलाइटची करायला घेतली. आणि हा निळसर काळा मुलामा! हवेनं, घामानं सगळ्यांचा उडून जातो. तुमच्या घरात दर वर्षी तेल-कुंकू चढलं, त्याच्याखाली तो जसाच्या तसा राहिलाय. पूजेनं वाचवलंय याला." मामंजींनी मान वर केली. मामा सांगत होता की मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर आलाय, तो अशीच हवेची पिस्तुलं जमवतो, पेढीत येत असतो. मामानं अंदाजानं एक आकडा सांगितला. ऑपरेशन त्यात बसत होतं. "फक्त एक करा," उठताना तो सासूबाईंना म्हणाला, "आहे तसं राहू द्या. पाण्याचा थेंब लावू नका."

मी त्याला टांग्यापर्यंत सोडायला गेले. पारनाका ओलांडला. मग एकदम म्हणाला, "शालू, तुझ्या सासऱ्यांना ते साहेबानं लढाईवर जाताना दिलं, असंच ना?"

"हो. का?"

"त्याच्या बुडाशी पेटंटचं साल आहे. ती लढाई संपल्यानंतर कितीतरी वर्षांनी ते घडलंय. साहेब गेला तेव्हा हे जन्मालाच आलं नव्हतं."

मी त्याची बाही धरली. "मामा, माझ्या संसाराची शपथ आहे तुला! घरात यातलं अक्षर काढायचं नाही. त्या माणसाकडे आता तेवढी एक गोष्टच उरलीय."

"नाही काढत. पण मग..." त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "मग ते आलं कुठून गं?"

"मला काय माहीत? आणि तूही विचारायचं नाहीस!"

"नाही विचारत," तो म्हणाला आणि टांग्यात चढला. आयुष्यात त्यानं दिलेलं सगळ्यात जड वचन ते असणार. टांगा वळेपर्यंत तो मागे वळून आमच्या घराकडेच बघत होता.

तो इंजिनियर साहेब यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. मी सकाळी लवकर विहिरीवर गेले होते. परत येऊन बघते तर पाटावर पिस्तूल झळझळतंय! पांढरं फेक, ताटलीसारखं. सासूबाईंनी चिंच आणि विटेची पूड लावून ते घासून काढलं होतं. त्यांच्या हाताला वास येत होता, चेहऱ्यावर समाधान होतं. "उद्या परक्याच्या घरी जायचं ते. मुलगी दाखवताना आपण तिचं तोंड धुतोच की नाही? पाणी नाही हो लावलं तुझ्या मामांनी सांगितलं म्हणून. कोरडंच घासलं, नुसत्या चिंचेच्या कोळानं." मला रडावं की हसावं कळेना. मामंजींना दिसत नव्हतं. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "गुळगुळीत झालंय." त्या दिवशीही त्यांनी गोष्ट सांगितली. शेवटची, असं आम्हां सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाला घेऊन मामा आला. पिस्तूल बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा तो वस्तू उपडी करायची विसरला. नुसता वरच बघत राहिला. सासूबाई दाराआडून बघत होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांना काय ते उमगलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. आता तबकाचा वचपा काढायला याहून चांगली संधी कुठली? पण मामा म्हणाला, "वहिनी, फार मेहनत घेतलीत तुम्ही." एवढंच. साहेबाला मात्र त्यानं इंग्रजीत स्वच्छ सांगितलं की मुलामा परवापर्यंत होता, आता गेला, आणि किंमत त्या मानानं उतरली. झालं! डोळे हातचे गेले.

तेवढ्यात मामंजींनी घसा साफ केला आणि आपल्या सरकारी इंग्रजीत वाघाची गोष्ट सुरू केली. तंबू, कंदील, सगळं. साहेब खुर्चीत पुढे सरकला. गोष्ट संपल्यावर तो मामाकडे वळला. "ही हकीकत पेढीच्या पारख्याच्या सहीनं लिहून मिळाली तर मी तुम्ही आधी सांगितलेली किंमत देतो. वाघाचं पिस्तूल माझ्याकडे एकही नाही." आणि मग सरळ विचारलं, "खरी आहे ना गोष्ट?"

सही केली तर मामंजींना डोळे मिळत होते. पण मामानं जन्मभर एका खोट्या अक्षराखाली सही केली नव्हती. आणि खरं बोलावं, तर मामंजी समोरच बसले होते, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, न दिसणारे डोळे मामाच्या दिशेला लावून. मामानं पेन उघडलं होतं. त्यानं त्याला शांतपणे टोपण लावलं.

"साहेब," तो म्हणाला, "पिस्तूल विक्रीला आहे. गोष्ट विक्रीला नाही. ती घरची आहे."

काठीवरची मामंजींची बोटं हलत होती, ती थांबली. मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं, की त्या एका वाक्यात मामंजींना कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे. सासूबाईंना अर्थातच इंग्रजी काही कळलं नव्हतं. त्या चहा घेऊन आल्या.

साहेब हिरमुसला. उठायच्या बेतातच होता. मामानं चहा संपवला, कप उपडा केला, बशी उपडी केली. मग हाताला चाळा हवा म्हणून की काय, देवघराच्या उंबऱ्यापाशी सासूबाईंची फुलवातींची लांबट पेटी होती, ती उचलली आणि तीही उपडी केली. वाती सगळ्या घरभर!

"अहो, देवाच्या वाती त्या!" सासूबाई ओरडल्या. "जळल्या मेल्या सवयी!"

मामानं ऐकलंच नाही. त्यानं भिंग काढलं होतं. पेटीला वरून खणाचं कापड शिवून चढवलेलं होतं, बूड तेवढं उघडं होतं, आणि त्या पुठ्ठ्याच्या बुडावर बारीक अक्षरं छापलेली होती. "वहिनी, कात्री," तो म्हणाला. खण उसवला तर आतून कोरं करकरीत झाकण निघालं. त्यावर पिस्तुलाचं चित्र, घडवणाऱ्याचं नाव, रंगसुद्धा न विटलेला. पिस्तुलाची मूळ पेटी! सासूबाईंना ती कधी मिळाली आणि त्यांनी तिच्यावर खण कधी चढवला, हे मामंजीही विसरून गेले होते. साहेबानं ती दोन्ही हातांत घेतली, आणि मी गोऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पिस्तूल पुष्कळांकडे असतं," मामा मग आम्हांला सांगत होता, "पेटी कुणाकडेच नसते. विलायतेत लोक पेटी फेकून देतात. आपल्याकडे फेकतात होय? वाती ठेवतात! वहिनी, मुलामा तुम्ही घालवलात, पण हे तुम्ही राखलंत." सासूबाई वाती वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण आता मी वाती कशात ठेवू?" साहेबानं दुसऱ्याच दिवशी बिस्किटांचा मोठा डबा पाठवला. तो त्यांनी मरेपर्यंत वापरला, आणि त्या दिवसापासून जर्मन सिल्व्हरच्या तबकाला 'तबक' म्हणायला लागल्या.

पेटीसकट पिस्तुलाची पुरी किंमत आली आणि मामंजींचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांनी घरभर एकेकाला न्याहाळलं. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही आवाजावरून वाटता त्याहून रागीट दिसता." पुढच्या खंडेनवमीला पाटावर पिस्तुलाच्या जागी त्यांनी तो चष्मा ठेवला. सासूबाईंनी त्याच्या भिंगालाच कुंकू लावलं! मामालाही बोलावलं होतं. गोष्ट झाली. मामा दर वर्षी यायचा, चहाचा कप हातात तसाच धरून शेवटपर्यंत ऐकायचा आणि "मग वाघ?" असं योग्य जागी विचारायचा. मात्र मला एकटीला गाठून दर वर्षी कानाशी कुजबुजायचा, "शालू, पण ते आलं कुठून गं?" मी डोळे वटारायची. ज्या माणसानं लोकांची लेकरंसुद्धा उपडी करून बघितली असती, त्यानं तो एक प्रश्न इतकी वर्षं पोटात ठेवला, माझ्या शब्दाखातर. मला त्याची कीव यायची, अभिमानही वाटायचा.

मग मामा आजारी पडला. शेवटचाच आजार, हे त्यालाही कळलं होतं. मी ठाण्याला जायला निघाले तर मामंजी काठी घेऊन आधीच दारात उभे. "मीही येतो." मामा खाटेवर पडला होता, अगदी काडी झालेला. मामंजी त्याच्या उशाशी बसले आणि मला म्हणाले, "सूनबाई, चहा टाका."

मी आत जाऊन स्टोव्हला पंप मारला. माझी अक्कल बघा! तो मेला स्टोव्ह असा भरभरला की बाहेरचं एक अक्षर ऐकू येईना. मध्येच मामंजींचा आवाज आल्यासारखा वाटला, गोष्ट सांगताना लागायचा तो नव्हे, साधा. मग मामाचं हसणं. किती महिन्यांत ते ऐकलं नव्हतं! ठसका लागेपर्यंत हसत होता. मी चहा घेऊन धावत आले तर दोघांच्याही तोंडावर चोरून कैऱ्या खाल्ल्याचे भाव.

"मामा, काय सांगितलं त्यांनी?" मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं. "कुठून आलं? सांग ना!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "शालूबाई," तो म्हणाला, "ते विक्रीला नाही."

मी हात जोडले, रागावले, शपथ घातली. व्यर्थ! मामंजींनीही पुढे कधी सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत.

त्या दिवशी मामानं चहा घेतला, दोनतीन घोटच. मग सवयीनं कप उपडा करायला गेला, पण मनगटात तेवढंही बळ नव्हतं, कप नुसताच थरथरला. मी पुढे होणार तोच मामंजींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. आधी खिशातल्या रुमालानं बोटं पुसली. कप उपडा केला, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि बुडाशी लिहिलेलं सगळं, अक्षर न् अक्षर, मामाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हं!" मामा म्हणाला.